माशांचं पारणं

सुरुवातीलाच एक सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी "तुम्ही मुळातच तशा वळणाच्या असणार" असं म्हणायला नको. मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. इतकी वर्षं शिकवतेय की आता शिकवलेल्या मुलींच्या मुली वर्गात यायला लागल्यात. या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, पण दुपारच्या चहाबरोबर, खारी खावी तसे. आणि मनातल्या मनात लाल पेनाने मार्क देत जाते... इथे झोपेतला भास, इथे गॅस गळती, इथे चक्क थाप. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही 'आहे' असं लिहायला हात धजत नाही. पण जे झालं ते माझ्या विषयातलंच झालं, म्हणून जास्त झोंबतंय. दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर मी त्याला शून्य दिलं असतं.

तर — ग्वाल्हेर, लष्कर भाग, जयेंद्रगंज. खाली झेरॉक्सची आणि टायपिंगची दुकानं, वर पहिल्या मजल्यावर आमचा तीन खोल्यांचा फ्लॅट. घरात मी आणि आई. दादा इंदूरला. आमची मराठी ग्वाल्हेरची आहे, मध्येच हिंदीत घसरते. पुण्याचे नातेवाईक हसतात, हसू देत.

आईला फुप्फुसांचा जुना आजार. दोन वर्षांपासून ती घरीच ऑक्सिजनवर असते. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचा पलंग, उशाशी हवेतून ऑक्सिजन काढून देणारं ते मशीन, आणि मशीनला अगदी चिकटून लोखंडी स्टँडवर माशांची टाकी. टाकी तिथेच हवी हा आईचा हट्ट. "दिवसभर छताकडे बघू का मी?" म्हणाली. टाकीत चार गोल्डफिश. बाबांनी मुरारच्या बाजारातून पिशवीत पाणी भरून आणलेले, टेम्पोत मांडीवर ठेवून. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला शिव्या देत आले होते.

बाबा वीज मंडळातून रिटायर झालेले. आयुष्यभर वीज मंडळात काढलं, म्हणूनच त्यांचा विजेवर काडीचा विश्वास नव्हता. "नंदू, मी आतला माणूस आहे," ते म्हणायचे. "लाइटच्या भरोशावर जीव ठेवायचा नाही. ना आपला, ना माशांचा." आमच्याकडे मे-जूनमध्ये लाइट गेली की पंखाबिंखा सोडा, टाकीतलं पाणी कोमट होतं, हवेचा पंप बंद, आणि मासे वर येऊन तोंडं उघडून धापा टाकायला लागतात. या चौघांच्या आधीचे दोन मासे एका उन्हाळ्यात असेच गेले. तेव्हा बाबांनी कुणाकुणाला सांगून परदेशातून एक साधन मागवलं.

त्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. काचेची एक छोटी बाटली असते. तिच्यात हायड्रोजन पेरॉक्साइड भरायचं — मेडिकलमध्ये जखम धुवायला मिळतं तेच, पाणी घालून पातळ केलेलं. आत कॅटॅलिस्टचे, म्हणजे रिऍक्शन घडवून आणणारे, दोन दाणे टाकायचे. बारीक भोक असलेलं झाकण घट्ट लावायचं, बाटली उलटी करून सिरॅमिकच्या एका वाटीत बसवायची आणि सगळं टाकीच्या तळाशी ठेवायचं. पेरॉक्साइड थेंबाथेंबाने बाहेर झिरपतं, त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतं, आणि वाटीच्या कडेने बारीक बुडबुडे वर जात राहतात. वायर नाही, प्लग नाही. साधारण पंधरवडाभर चालतं, मग परत भरायचं.

हा पंधरवडा बाबांनी आपल्या पद्धतीने बसवला होता. आई एकादशी करायची, द्वादशीला सकाळी पारणं. आईचं पान झालं की बाबा उठायचे, बोटातली अंगठी टाकीच्या काचेवर टक-टक-टक अशी तीनदा वाजवायचे, आणि म्हणायचे, "चला, आता माशांचं पारणं." मग बाटली धुणं, भरणं, पुसणं, हा सगळा सोहळा. झाकण लावताना मात्र त्यांचा एक नियम. आधी झाकण उलटं फिरवायचं, आटे एकमेकांत बसल्याची 'टक्' हाताला जाणवली की मगच सुलटं घट्ट करायचं. "आधी उलटा, मग सुलटा. नाहीतर वाकडं बसतं आणि वाटतं की बसलं." लोणच्याच्या बरणीपासून गाडीच्या पेट्रोलच्या टाकीपर्यंत सगळीकडे हाच नियम. आम्हाला त्याचा इतका कंटाळा होता की विचारू नका.

मागच्या वर्षी वैशाखात, वद्य द्वादशीला सकाळी, बाबा गेले. आईचं पारणं झालं होतं. त्यांनी काचेवर टकटक केलं, बाटली धुऊन ओट्यावर पालथी घातली, आणि "जरा टेकतो" म्हणून खुर्चीत बसले ते बसलेच. बाटली ओट्यावर तशीच. त्या दिवशी माशांचं पारणं राहून गेलं ते गेलंच.

तेराव्यानंतर मी मेडिकलमधून आणलेली पेरॉक्साइडची जुनी बाटली फेकून दिली आणि टाकीला साधा हवेचा पंप लावला. मला ते भरणं-धुणं झेपत नव्हतं... म्हणजे वेळ होता, पण साधनाची ती छोटी बाटली हातात घेतली की रडू यायचं. आईने ते साधन मात्र टाकीबाहेर ठेवू दिलं नाही. मग मी त्या छोट्या बाटलीत टाकीचंच साधं पाणी काठोकाठ भरलं, कारण हवा राहिली तर ते तरंगतं, आणि दिलं तळाशी ठेवून. वर्षभरात त्यावर हिरवं शेवाळ चढलं. आईच्या समाधानासाठी मेडिकलमधून पेरॉक्साइडची एक नवी बाटली आणली होती, ती कपाटावर सीलसकट पडून होती. हे सगळं लक्षात ठेवा.

आता वर्षश्राद्ध. ते आम्ही या वर्षी केलं, रीतसर. दादाने तिथी मोबाइलवर बघितली, 'वैशाख कृष्ण द्वादशी', सुट्टी टाकली, तिकीट काढलं. आमचे जुने मराठी गुरुजी मुलाकडे गेले कायमचे, म्हणून बाजूच्या मंदिरातल्या पंडितजींना बोलावलं. त्यांनीही पंचांगात बघून मान डोलावली. घरात पूर्वी मराठी कॅलेंडर असायचं, ते बाबा आणायचे. आता भिंतीवर सराफ्यातल्या एका दुकानाचं फुकट आलेलं हिंदी कॅलेंडर. त्यातही तोच दिवस. मला तिथ्यांमधलं कळतं किती? माझ्या विद्यार्थ्यांना मोल कन्सेप्टमधलं कळतं तितकंच. झालं श्राद्ध. आई एकटीच सकाळपासून म्हणत होती, "अजून वेळ आहे, आज नाही." पण आईचं कसं होतं, ऑक्सिजन जरा कमी पडला की तिचं डोकं भटकायचं. कधी विचारायची, "हे भाजी घेऊन आले का?" त्यामुळे दादाने तिचा हात धरला, "हो आई, हो," म्हणाला आणि विषय मिटला.

त्याच्या पुढच्या महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्ट्या. ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्याने बघितला नाही त्याला काय सांगणार, सकाळी नऊलाच भिंती तापतात. मी आईच्या मशीनच्या बाटलीतलं पाणी बदलत होते. त्या मशीनला एक पारदर्शक बाटली जोडलेली असते, ऑक्सिजन तिच्यातल्या पाण्यातून बुडबुडत जातो आणि ओलसर होऊन नळीने नाकात येतो. पाणी बदलायचं तर बाटली वरच्या नटापासून फिरवून काढायची आणि परत फिरवून लावायची. रोजचं काम.

"आज यांची तिथी," आई म्हणाली.

"आई, झालं न ते! महिना झाला. दादा आला होता, पंडितजी आले होते, तू खीर पण खाल्लीस."

"ते तुम्ही चैत्रात केलंत. माणूस वैशाखात गेला माझा."

"बरं."

"बरं काय? काल एकादशी केली मी. आज द्वादशी. एक पान तरी वाढ त्यांच्या नावाचं."

"आई, गर्मी बघ किती आहे. मी दोडक्याची भाजी करतेय, तीच खा मुकाट्याने."

"तू मला पागल समजतेस."

राग आला होता, आणि रागात मी बाटली मशीनला लावून नट कचकन फिरवला. आई उशीवरून बघत होती. "आधी उलटा फिरव गं," म्हणाली. मी म्हणाले, "माहितीये!" आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. इन्व्हर्टर 'टीं' करून चालू झाला. त्यावर फक्त आईचं मशीन आणि एक पंखा. कूलर थांबला, टाकीचा पंप थांबला. मी मशीनकडे बघितलं — घरघर चालू, पुढच्या काचेच्या नळीतली गोळी ऑक्सिजनच्या नेहमीच्या आकड्यावर बरोबर तरंगतेय. ठीक आहे म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

लाइट आली नाही. तास झाला, त्याहून जास्तच असेल. मी डोक्यावर ओला नॅपकिन टाकून दोडक्याच्या शिरा काढत होते आणि आईशी मनातल्या मनात भांडत होते. मध्ये एकदा दारातून डोकावले, तर आई डोळे मिटून पडलेली. झोपली, बरं झालं, असं मनात आलं. मासे मात्र वर येऊन तोंडं आ-वासून धापा टाकत होते. मगने पाणी वरखाली करायला हवं, भाजी फोडणीला टाकली की करते, असं म्हणून मी परत आत गेले.

आणि मग आवाज आला.

टक-टक-टक.

धातूचा काचेवर. आई पाण्याच्या पेल्यावर चमचा वाजवते कधीकधी, मी तेच समजले. "आले गं," म्हणून ओरडले. फोडणी करपत होती.

परत. टक-टक-टक. सावकाश, मोजून मारल्यासारखं.

मी गॅस बंद केला. आतून मी तो आवाज ओळखला होता. डोक्याने नाही म्हटलं, पायांनी मात्र घाई केली.

खोलीत आई तशीच पडलेली, मान एका बाजूला. तिचे दोन्ही हात चादरीवर. पेला टेबलावर, चमचा त्यात. तिने काही वाजवलं नव्हतं.

मी टाकीकडे बघितलं. मासे वर नव्हते. चारही मासे तळाशी त्या सिरॅमिकच्या वाटीभोवती गोळा झाले होते, आणि वाटीच्या कडेने बुडबुडे निघत होते. बारीक, एकसारखे, सरळ वर जाणारे. ज्यात मी स्वतःच्या हाताने साधं पाणी भरून ठेवलं होतं, त्या बाटलीतून.

आता माझं शहाणपण बघा. समोर आई पडलीये आणि मी टाकीपुढे वाकून विचार करतेय की हा वायू आला कुठून! पाणी तापून विरघळलेली हवा सुटली का? पण ती काचेवर इकडेतिकडे चिकटते, अशी माळ लागत नाही. शेवाळातून? शेवाळाला ऊन लागतं, आणि आईसाठी खिडकीचे पडदे ओढलेले होते. मी अगदी नाक काचेला लावून बघत होते.

तेव्हा तिसऱ्यांदा वाजलं. माझ्या कानाशी. टक-टक-टक — टाकीच्या उजव्या टोकाच्या काचेवर, आतून की बाहेरून ते सांगता येणार नाही. मी दचकून तिकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. काचेच्या पलीकडे, चार बोटांवर, आईच्या मशीनची बाटली होती.

तिच्यातलं पाणी निश्चल होतं. एकही बुडबुडा नाही.

मशीन घरघरत होतं, गोळी जागेवर तरंगत होती, आणि बाटलीत काहीच येत नव्हतं. नट वाकडा बसला होता. सगळा ऑक्सिजन त्या फटीतून खोलीत जात होता आणि आईच्या नाकातल्या नळीतून काही म्हणजे काही येत नव्हतं. सकाळपासून.

"आई! आई गं!" मी तिला हलवलं. ओठ जांभळट. तिने डोळे किलकिले केले, पण माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या पलीकडे कुठेतरी बघितलं आणि परत मिटले. मी नट फिरवायला गेले, तो फिरेना. ओढून काढला, परत लावला, परत वाकडा. बोटं घामाने निसटत होती. मी रडत होते आणि मोठ्याने काहीतरी बडबडत होते. मग मला कळलं की मी काय बडबडतेय. "आधी उलटा, मग सुलटा. आधी उलटा, मग सुलटा." मी श्वास धरला, नट उलटा फिरवला. बोटांना 'टक्' लागली. मग सुलटा. बाटलीतलं पाणी एकदम खळखळून उठलं.

मी दार उघडून समोरच्या भदौरिया भाभींना हाक मारली. त्या पदर सावरत धावत आल्या. मी आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा फार खाली होता. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पाठीशी उशा देऊन बसवा, आकडा चढतोय का बघत राहा, नाही चढला तर लगेच घेऊन या. भाभींनी आईला मागून आधार देऊन धरलं आणि मी आकड्याकडे बघत बसले. तो एकेक करून चढत होता. इतक्या सावकाश की मला वाटलं माझेच केस पांढरे होतील.

"दीदी, लाइट तो है नहीं," भाभी मध्येच म्हणाल्या. "फिर ये मछलियों वाला कैसे चल रहा है?"

म्हणजे त्यांनाही दिसत होतं. तुम्ही म्हणाल भास, तर भाभींना कसला भास? त्या तर घरून कणीक मळता मळता उठून आल्या होत्या, हाताला पीठ होतं.

आईच्या ओठांवरचा रंग परत आला तेव्हा तिने आधी पाणी मागितलं. मग टाकीकडे बघितलं, बराच वेळ. आणि अगदी साध्या आवाजात, लाइट आली का विचारावं तसं, म्हणाली, "भरली का त्यांनी?"

"कोणी, आई?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच भटकले होते. "आज तिथी न त्यांची. वैशाख वद्य द्वादशी."

"क्या कह रही हैं अम्माजी?" भाभींनी विचारलं.

"कह रही हैं आज वैशाख की द्वादशी है," मी म्हणाले. "बाबा की तिथि."

"द्वादशी तो है," भाभी म्हणाल्या, "पर बैसाख कहाँ दीदी? बैसाख तो कब का निकल गया. जेठ चल रहा है. आज जेठ बदी द्वादशी है, कल हमने भी तो ग्यारस रखी थी."

मी त्या दोघींकडे आळीपाळीने बघितलं. एकच दिवस. एक म्हणते वैशाख, एक म्हणते जेठ, आणि दोघीही बरोबर! आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. पौर्णिमेनंतरचा पंधरवडा आपल्याकडे वैशाख वद्य, तर त्यांच्याकडे ज्येष्ठ लागलेला असतो. दादाच्या मोबाइलवरचा 'वैशाख कृष्ण' त्यांचा होता, आपल्या चैत्र वद्यातला. सराफ्याचं कॅलेंडरही त्यांचंच, पंडितजीही त्यांच्यातलेच. हे लहानपणी घरात ऐकलं होतं मी, बाबाच मध्ये उभे राहून दोन्हीकडचं जुळवायचे. ते नाहीत म्हटल्यावर कुणी जुळवायचं? आम्ही दोघं शिकलेली भावंडं महिनाभर आधी श्राद्ध उरकून मोकळे झालो, आणि खरं सांगणाऱ्या बाईला 'हो आई, हो' म्हणून गप्प केलं. इतकी शरम वाटली मला... आईसमोर मान वर होईना.

दुपारी लाइट आली. मी वरणभात केला, दोडक्याची भाजी होतीच, एक पान वाढलं आणि बाबांच्या खुर्चीपुढे ठेवलं. विधी नाही, मंत्र नाही, मला येत पण नाहीत. दादाला फोन केला. तो आधी म्हणाला, "अरे यार, ऍपमें तो यही था!" मग आईचं कळल्यावर संध्याकाळच्या गाडीने निघाला.

आता केमिस्ट्री. भाभी आईपाशी बसल्या होत्या तेव्हा मी बाही वर करून टाकीत हात घातला आणि ते साधन बाहेर काढलं. वाटीवर शेवाळाचा थर अखंड होता, त्यावर पहिली बोटं माझीच उमटली. म्हणजे वर्षभरात त्याला कुणी हात लावलेला नव्हता. पण बाटली आतून लख्ख होती, धुतल्यासारखी, आणि आतल्या पाण्याला बुडबुडे सुटत होते. मी बटाट्याची एक चकती कापून त्यावर थोडं ओतलं. पेरॉक्साइड असेल तर बटाट्यावर पांढरा फेस येतो, हा प्रयोग मी दर वर्षी वर्गात करून दाखवते. साध्या पाण्याला येत नाही, कधीच नाही.

फेस आला. भरपूर.

कपाटावरची नवी बाटली उतरवली. सील जसंच्या तसं होतं. बाबांची जुनी तर मीच कधीची फेकलेली. उरलंसुरलं जुनं पेरॉक्साइड असेल म्हणावं, तर ते आपोआप मरतं, वर्षभर टिकत नाही. आईने भरलं असेल? तिचा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि टाकीच्या तळाशी पोचायचं तर मलाच टाचा उंच कराव्या लागतात. तिच्या बाह्या कोरड्या होत्या, फरशी कोरडी होती. मीच झोपेत भरलं असेल? भरलं असेल, तर कशाने? आणि टकटक... त्याचं तर मी नावच काढत नाही. बुडबुड्यांनी बाटली हलून काचेवर आपटली असेल असं दादा म्हणतो. असेल. तीन-तीनदाच कशी आपटली, आणि शेवटी नेमकी त्या टोकाला जाऊन कशी आपटली, ते त्याला विचारलं तर तो विषय बदलतो.

शाळेतल्या फिजिक्सच्या सरांना मी हे सगळं नावं न सांगता, कोडं म्हणून घातलं. त्यांनी हसून 'स्टुडंट खोटं बोलतोय' असा निकाल दिला. मीही हेच म्हटलं असतं. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. मला खरंच उत्तर हवंय, आणि कधीकधी वाटतं की नकोय.

त्यानंतरच्या द्वादशीला मी कपाटावरची बाटली उतरवून तिचं सील फोडलं. आईचं पारणं झालं होतं, पाठीशी उशा घेऊन ती बसली होती. मी ओट्यावर पेरॉक्साइड पातळ केलं, दाणे टाकले, वर्षभराने पहिल्यांदा न रडता बाटली भरली आणि पुसत पुसत पुढच्या खोलीत आणली. टाकीजवळ उभी राहून झाकण लावलं.

"आधी उलटा फिरवला न?" आईने विचारलं.

"हो गं आई, फिरवला."

आई माझ्याकडे बघत नव्हती. बाबांच्या खुर्चीकडे बघत होती.

"तुला नाही विचारलं," ती म्हणाली.

मी बाटली वाटीत बसवून खाली सोडली. चारही मासे आधीच तळाशी येऊन थांबले होते.